साहेबाच्या चित्रातला माणूस

मोबाइलवर जुने फोटो फिरत असतात. खाली ओळ असते: ‘दीडशे वर्षांपूर्वीची मराठी स्त्री’, ‘इंग्रजी अमदानीतला पुणेरी ब्राह्मण’, ‘दख्खनचा भिस्ती’. तसल्याच तपकिरी छापांच्या चौकटी हिंजवडीपासून चाकणपर्यंतच्या हॉटेलांच्या भिंतींवरही दिसतात. जुनं काहीतरी टांगलं की जागेला भारदस्तपणा येतो, अशी समजूत असावी. बघणाऱ्याच्या मनात मात्र एक प्रश्न येतोच. आपली माणसं खरंच अशी दिसायची? आणि पाठोपाठ दुसरा: फोटोच आहे म्हटल्यावर खोटं कसं असेल?

थोडक्यात उत्तर द्यायचं तर पागोटं खरं, दागिने खरे, चेहराही खरा. तरीही ते चित्र त्या माणसाचं नाही. हे कसं, ते समजायला आधी चिंचवडगावात जाऊ.

१. चिंचवडचा मुलगा

साल १८०९. पेशवाई बुडायला अजून आठ-नऊ वर्षं होती. मारिया ग्रॅहम नावाची २४ वर्षांची इंग्रज बाई मुंबईहून घाट चढून पुणे प्रांतात आली होती. चिंचवडला मोरया गोसावींच्या वंशातला पुरुष गणपतीचा अंश मानला जातो, त्याला ‘देव’ म्हणतात, हे तिच्या कानावर होतं. तो पाहायला ती गेली, आणि १८१२ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात तिनं ती भेट लिहून ठेवली.

मजकूर लहानसाच आहे. वाडा मोठा पण बेढब. जागा अस्वच्छ. खिडक्या-खिडक्यांत तुकतुकीत, खाऊनपिऊन सुखी ब्राह्मण दाटीवाटीनं उभे. देवस्थानच्या उत्पन्नावर त्यांची नजर असणार, हा तिचा शेरा. साध्याशा ओसरीत लाकडी पाटावर एक मुलगा बसलेला. इतर मुलांपेक्षा निराळं असं त्याच्यात काही नाही, फक्त डोळ्यांत एक बावरलेली, सैरभैर झाक. त्याला रोज अफू चारतात, त्यानं ती आली आहे म्हणे. त्याला इतर मुलांत खेळू देत नाहीत, संस्कृतखेरीज बोलू देत नाहीत. मुलानं पाहुण्यांचं नीट स्वागत केलं, इंग्रज लोक आले की बरं वाटतं असं दुभाष्यामार्फत सांगितलं, आपल्या हातानं बदाम आणि हिंगाचा वास लागलेली खडीसाखर दिली. पाहुण्यांनी मूठभर रुपये ठेवले.

आता हा उतारा तीन चाळण्यांतून काढू. बाईनं डोळ्यांनी पाहिलं काय? ओसरी, पाट, मुलगा, गर्दी, बदाम, हिंगाळलेली खडीसाखर. ऐकलं काय? अफू, खेळायची बंदी, संस्कृतची सक्ती. आणि पदरचं घातलं काय? ब्राह्मणांच्या मनातला हिशेब. तिन्ही गोष्टी एकाच दमात, एकाच सुरात आल्यामुळे वाचणाऱ्याला तिन्ही सारख्याच खऱ्या वाटतात. अनोळखी परक्यांचा घोळका समोर येऊन उभा राहिला तर कुठल्याही लहान मुलाच्या डोळ्यांत बावरलेपणा येईल. पण ‘अफू’ हा शब्द एकदा कानावर पडला, की त्या डोळ्यांत दुसरं काही दिसतच नाही.

ती काही कोऱ्या मनानं आली नव्हती. कॅप्टन एडवर्ड मूर हा कंपनीचा अधिकारी १८०० साली चिंचवडला येऊन गेला होता. त्याचा लेख १८०१ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सातव्या खंडात छापून आला. पुण्याचे ब्राह्मण ज्याला भजतात त्या वंशपरंपरागत जिवंत देवाची हकिकत, असा त्याचा मथळा. नंतर लॉर्ड व्हॅलेन्शिया येऊन गेला. म्हणजे चिंचवड हे तोवर एक बघायचं ठिकाण झालं होतं आणि काय बघायचं तेही ठरलं होतं. इनामं सांभाळणारं, अन्नदान करणारं, मोरगावला पालखी नेणारं एक संस्थान, त्याचे कारकून, आचारी, पुजारी, त्यांच्यातले तंटे. यातलं काही त्या पाहण्यात बसत नव्हतं.

ग्रॅहम दुष्ट होती का? मुळीच नाही. पुढे ती ब्राझीलला गेली, तिथला गुलामांचा बाजार पाहून व्यथित झाली, आणि १८२४ च्या तिच्या ब्राझीलवरच्या पुस्तकात ऑगस्टस अर्ल या चित्रकारानं काढलेली त्या बाजाराची चित्रं आहेत. आफ्रिकी माणसाच्या वेदनेपुढे जिचे डोळे उघडे होते, तीच बाई चिंचवडच्या मुलाच्या डोळ्यांत अफू वाचून गेली. ठरीव नजर वाईट माणसांचीच असते असं नाही, ही गोष्ट या विषयात सुरुवातीलाच ध्यानात ठेवलेली बरी.

२. माणूस आणि नमुना

पुढे जाण्यापूर्वी एक भेद नीट समजून घेऊ. ‘व्यक्तिचित्र’ वेगळं आणि ‘नमुना-चित्र’ वेगळं.

जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानं पुण्यात येऊन सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं काढली. ती व्यक्तिचित्रं. त्यांत नाना हे नानाच आहेत. दुसरा कुणी कारभारी त्या जागी चालणार नाही. नमुना-चित्रात माणूस कुणाच्या तरी बदली उभा असतो. ‘एक न्हावी’, ‘एक रामोशी’, ‘एक मराठी बाई’. त्या जागी दुसरा न्हावी उभा केला असता तरी मथळा बदलला नसता.

भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमध्ये काम केलेल्याला हे लगेच कळेल. डाय बनवायला वेळ लागतो, डोकं लागतं, पैसा लागतो. एकदा ती प्रेसवर चढली की कुठल्याही पत्र्यातून तोच एक भाग धडाधड पडत राहतो आणि कडेचा पत्रा स्क्रॅपमध्ये जातो. नमुना-चित्राचंही असंच. स्क्रॅपमध्ये काय जातं? माणसाचं नाव, गाव, त्याचं कर्ज, त्याची चेष्टेखोर जीभ, त्याच्या बायकोनं काल त्याला काय सुनावलं ते. उरतात कपडे, हत्यारं, रंग आणि खाली छापलेली जात.

३. गिऱ्हाईक कोण?

असली चित्रं फक्त आपल्याकडेच निघाली नाहीत. युरोपीय सत्ता जिथे जिथे पोहोचली तिथे तिथे ती निघाली, आणि सर्वांत बोलका दाखला आहे कॅरिबियन बेटांचा.

१७६३ च्या पॅरिस तहानं डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट, ग्रेनाडा, टोबॅगो ही बेटं इंग्रजांच्या हाती आली. तिथल्या जमिनी विकायच्या होत्या, उसाचे मळे वाढवायचे होते. त्या कामावर नेमलेल्या सर विल्यम यंगनं सोबत एक इटालियन चित्रकार नेला: अगोस्तिनो ब्रुनियास. ब्रुनियासनं पुढची अनेक वर्षं डॉमिनिकातले बाजार, ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायका, नाच, लाठीचे खेळ रंगवले. स्वच्छ पांढरी फडकी डोक्याला बांधलेल्या, गोऱ्या-काळ्यांच्या संकरातून जन्मलेल्या देखण्या स्त्रिया हा त्याचा आवडता विषय. चित्रं सुंदर आहेत. पण त्या बेटांवर बहुसंख्य माणसं गुलाम होती, ऊस तोडता तोडता मरत होती, चाबूक खात होती. ब्रुनियासच्या चित्रांत कोयता आणि चाबूक जवळपास सापडतच नाहीत. काळा माणूस दिसतो तो नाचताना, फळं विकताना, आळसावून उभा असताना. जमीन घ्यायला येऊ पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला हेच हवं होतं: हसतं-खेळतं बेट आणि मजेत असलेली माणसं.

म्हणून जुनं चित्र समोर आलं की आधी विचारायचं, पैसे कुणी दिले? चित्रकार कोण, हा प्रश्न मागाहून आला तरी चालेल.

दख्खनमध्ये गिऱ्हाईक निराळं होतं. इथे मळे विकायचे नव्हते. करवसुली करायची होती, न्याय करायचा होता, फौज उभारायची होती. आणि घरी परतताना विलायतेतल्या नातलगांना दाखवायला काहीतरी न्यायचं होतं. म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीपासून देशी चित्रकार साहेबांसाठी जाती-धंद्यांचे संच रंगवू लागले: न्हावी आणि त्याची बायको, साळी आणि त्याची बायको, धोबी आणि त्याची बायको. तंजावरकडे हा धंदा फारच फोफावला. कोरी पार्श्वभूमी, दोन आकृत्या, हातात धंद्याचं अवजार. घर नाही, गल्ली नाही, शेजारी नाही.

पुण्यात सुरुवात याहून चांगली झाली होती. रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या खटपटीनं शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, आणि वेल्सच्या हाताखाली गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा कारागीर तयार झाला. कार्ले-वेरूळची त्याची रेखाटनं अजून पाहावीशी वाटतात. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं त्यानं १७९० साली काढलेलं चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहे. गेंडा कुणाचा, कुठला, कोणत्या साली काढला, सगळं ठाऊक आहे. पुढच्या शंभर वर्षांत रंगवल्या गेलेल्या बहुतेक न्हाव्या-धोब्यांबद्दल आपल्याला तेवढंही ठाऊक नाही.

४. कॅमेरा खोटं बोलत नाही?

आता दुसरा प्रश्न घेऊ, फोटोचा.

विल्यम जॉन्सन हा मुंबईत नोकरीला आलेला इंग्रज. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफीची मंडळी स्थापन झाली, तिच्या सुरुवातीच्या लोकांपैकी तो एक. त्यानं ‘मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या पौर्वात्य वंश-जमाती’ अशा अर्थाच्या नावाचं दोन भागांचं पुस्तक काढलं. पहिला भाग १८६३, दुसरा १८६६. खरे फोटो चिकटवलेलं, वंश-जमातींवरचं हे जगातल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी एक.

त्यातलं कुठलंही पान घ्या. पुढे चार-पाच माणसं, मागे देऊळ किंवा तलाव किंवा शहराचा देखावा. बघणाऱ्याला वाटतं, जॉन्सन कॅमेरा घेऊन तिथे गेला आणि माणसं दिसली तशी टिपली. आता भिंग घेऊन आकृत्यांच्या कडा पाहा. त्या कातरलेल्या वाटतात. पावलांखालची जमीन पावलांशी जुळत नाही. मागच्या देवळावर पडलेला उजेड आणि पुढच्या चेहऱ्यावरचा उजेड एकाच दिशेचा नाही. कारण माणसं एकीकडे उभी करून टिपली होती, देखावा दुसरीकडे. मग आकृत्या कापून देखाव्यावर बसवल्या. आज मोबाइलवर पोरं करतात तेच, कातरीनं आणि काचेच्या निगेटिव्हनं.

त्यात कुठलाही चेहरा खोटा नाही, देऊळही खोटं नाही. फक्त ही माणसं त्या देवळापुढे कधी उभीच नव्हती. ‘ही जात आणि हा तिचा मुलूख’ अशी जोडी लावायची होती म्हणून ती लावली.

तंत्राचाही एक भाग होता. तेव्हाची काच रसायन ओलं असतानाच वापरावी लागे आणि उजेड घ्यायला काही सेकंद जात. तेवढा वेळ माणसानं हलायचं नाही. हसू तेवढं टिकत नाही, म्हणून सगळे ताठ आणि गंभीर. मग शेजारच्या मजकुरात त्याच चेहऱ्यांच्या समाजाचा स्वभाव लिहिला जाई: मंद, आज्ञाधारक, अंधश्रद्ध. पुस्तक उघडणाऱ्यानं दोन्ही जोडून घ्यायचे.

१८५७ नंतर हे काम सरकारनंच हाती घेतलं. गव्हर्नर जनरल कॅनिंग आणि त्याची बायको यांच्या हौशीपासून सुरू झालेला फोटोंचा संग्रह शेवटी ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांत निघाला, १८६८ ते १८७५ या काळात. ४६८ फोटो. उठावात पोळलेल्या सरकारला कोण निष्ठावंत, कोण लबाड, कोणावर नजर ठेवावी, हे चित्रांसकट हवं होतं, आणि मजकुरात तसे शेरे जागोजागी आहेत.

सर सय्यद अहमद खान १८६९ साली लंडनला गेले तेव्हा इंडिया ऑफिसमध्ये त्यांच्या पाहण्यात हे पुस्तक आलं. आपल्या लोकांचं हे दर्शन पाहून त्यांना शरमल्यासारखं झालं. मुलगा महमूद सोबत होता. तो पानं उलटत असताना एका तरुण इंग्रजानं त्याला विचारलं, तू हिंदुस्तानी का? महमूद हो म्हणाला आणि त्यानं लाजून पुढे जोडलं की आम्ही तिथले मूळचे रानटी लोक नव्हेत, आमचे पूर्वज बाहेरून आले. मला या सगळ्या हकिकतीत हे वाक्य सर्वांत बोचतं. पुस्तकातला साचा त्यानं खोटा म्हटला नाही. तो साचा इतरांना लागू आहे, मला नाही, एवढंच म्हटलं. या सापळ्यातून सुटू पाहणारे बहुतेक जण असेच सुटू पाहतात.

५. नाकाचं गणित

चित्रं, फोटो झाले, आता मोजमाप. हर्बर्ट रिस्ली हा बंगालातला सनदी अधिकारी. १८८० च्या दशकात त्यानं जातीजातींतल्या माणसांची डोकी आणि नाकं मोजायला सुरुवात केली. त्याचा लाडका आकडा म्हणजे नासिका निर्देशांक. काढायला अगदी सोपा: नाकाच्या रुंदीला उंचीनं भागा, १०० नं गुणा. ७० च्या खाली आलं तर अरुंद नाक, ७० ते ८५ मध्यम, वर गेलं तर रुंद. अरुंद म्हणजे आर्य रक्त जास्त, रुंद म्हणजे कमी. आणि जातीची पायरी जसजशी उतरते तसतसं नाक रुंद होत जातं, असा त्याचा दावा.

एक हिशेब करून पाहू. एखाद्याच्या नाकाची उंची ५४ मिलिमीटर आणि रुंदी ३७ धरा. निर्देशांक ६८.५; अरुंद. मोजणाऱ्याचा कंपास कातडीवर जरा सैल बसला आणि रुंदी ३८ आली. निर्देशांक ७०.४, मध्यम. एका मिलिमीटरच्या फरकानं माणसाचा गट बदलला. व्हर्निअर हाताळणाऱ्या कुठल्याही क्वालिटी इन्स्पेक्टरला विचारा: मऊ कातडीवर, जिवंत माणसावर, वेगवेगळ्या हातांनी घेतलेल्या मापात एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही.

रिस्लीला पुरून उरले ते दोघं आपल्याकडचे. मालवणात जन्मलेले गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या पुस्तकात दाखवलं की उत्तर हिंदुस्तानाचा मधला पट्टा सोडला तर जातीची पायरी आणि नाक यांचा असा मेळ बसत नाही. एका प्रांतातले ब्राह्मण दुसऱ्या प्रांतातल्या ब्राह्मणांपेक्षा आपल्याच शेजारच्या इतर जातींसारखे दिसतात. आणि डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावरच्या आपल्या पुस्तकात तीच नाकाची मापं हातात घेऊन ती उलटी फिरवली: या मापांवर विश्वास ठेवायचाच असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात.

६. आधी सुस्त, मग कारस्थानी

साचा एकदा बसला म्हणजे कायमचा, असंही नाही. गरजेप्रमाणे तो बदलतो, आणि बदलताना आधी काय म्हटलं होतं याची आठवण ठेवत नाही. याचा पुरावा पुन्हा चिंचवडमध्येच मिळतो.

ग्रॅहमच्या पानावरचे चिंचवडचे ब्राह्मण आठवा: गुबगुबीत, खाऊ, देवाच्या नावावर जगणारे. त्याच गावात १८६९ साली दामोदर हरी चापेकर जन्मला. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चापेकर बंधू फाशी गेले. त्यानंतर इंग्रजी लेखणीतला पुणेरी ब्राह्मण पालटला. व्हॅलेंटाइन चिरोलच्या १९१० सालच्या ‘इंडियन अनरेस्ट’मध्ये तो राजद्रोहाचं मूळ आहे, टिळकांनी त्या पुस्तकावर विलायतेत खटला भरला आणि १९१९ साली हरले. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालाची सुरुवातच मुंबई इलाख्यापासून आणि चित्पावनांपासून होते. शंभर वर्षांपूर्वी जो सुस्त होता तो आता सळसळता, थंड डोक्याचा कटवाला. सगळी जात तशी.

इथे एक खुलासा हवा. ब्राह्मणांवर कडक टीका महात्मा फुल्यांनीही केली. पण ‘गुलामगिरी’ (१८७३) लिहिणारा माणूस गावातला होता, शेतकऱ्याला सारा भरताना आणि भिक्षुकाला दक्षिणा देताना पाहत होता. कुणाच्या हाती सत्ता आहे आणि ती कशी चालते, हा त्याचा मुद्दा. पुस्तक अर्पण केलं ते निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. साहेबाच्या वर्णनात सत्तेच्या जागी स्वभाव येतो. दोन्हींना एकाच टोपलीत टाकणं हा आळस आहे.

साच्याची सर्वांत महाग किंमत मोजली ती महार समाजानं. चाकणहून शिक्रापूरच्या रस्त्यानं निघालं की पुढे कोरेगाव भीमा लागतं. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत, त्यांत ‘नाक’ प्रत्यय असलेली महार शिपायांची नावं वाचता येतात. ही नावं कंपनी सरकारनंच कोरली. आणि त्याच इंग्रजी राजवटीनं १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद केली, कारण तोवर ‘लढवय्या जातीं’चं शास्त्र निघालं होतं आणि त्या यादीत ते बसत नव्हते. गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज तयार केला. उपयोग झाला नाही. लढवय्यांची पुस्तकं मात्र देखणी निघाली. ए. सी. लोव्हेटच्या रंगीत चित्रांचं ‘द आर्मीज ऑफ इंडिया’ १९११ चं. त्यात जातवार शिपाई ऐटीत उभे आहेत. पुढे पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली, आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ला, महार रेजिमेंट झाली. शौर्य असं साहेबाच्या सोयीनं येत-जात होतं.

हे शास्त्र मेलं असं मला वाटत नाही. चाकणच्या एखाद्या टपरीवर लेबर कॉन्ट्रॅक्टरचं बोलणं कान देऊन ऐकावं: अमक्या राज्यातली पोरं भट्टीवर टिकतात, तमक्या जिल्ह्यातली सुट्टीला गेली की परत येत नाहीत, लोकल पोरगा युनियन करतो. कोणाला फाउंड्रीत घालायचं आणि कोणाला पॅकिंगला, हे पुष्कळदा तिथेच ठरतं.

७. आपलेच हात

आता जरा अडचणीचा भाग. ही नमुना-चित्रं सगळी साहेबांनीच काढली का? नाही.

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवर (बांधकाम पुरं झालं १८७८ मध्ये) पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातींचे पुतळे आहेत. त्यांचे नमुने घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्यानं. राजा रविवर्म्यानं १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाला दहा चित्रं पाठवली: वेगवेगळ्या प्रांतांच्या, समाजांच्या स्त्रिया. त्यांना बक्षीस मिळालं. त्याचा छापखाना पुढे मळवलीला होता, म्हणजे चिंचवडहून लोणावळा लोकल धरली तर वाटेतलंच स्टेशन.

आणि मग महादेव विश्वनाथ धुरंधर. जे. जे. कला विद्यालयात शिकले, तिथेच शिकवलं, ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ हे आत्मकथन लिहिलं. ओटो रॉथफेल्ड या सनदी अधिकाऱ्याच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी धुरंधरांनी अठ्ठेचाळीस रंगीत चित्रं काढली. पुस्तकाची मांडणी जुनीच: प्रांत, जात, धंदा. जॉन्सनच्या पुस्तकाची ही रंगीत नात म्हणायला हरकत नाही.

पण धुरंधरांच्या बायका पाहा. त्या चालत असतात. डोक्यावरच्या ओझ्यानं मानेला आलेला बाक, निरी सांभाळणारा हात, घोट्यापाशी चुरगळलेला काठ. ज्यानं या बायका रोज रस्त्यात पाहिल्या आहेत त्यालाच हे काढता येतं. मथळा नमुन्याचा असतो आणि रेषा माणसाची. त्यांनी साचा मोडला असं मी म्हणणार नाही. पोटासाठी त्यांनी तो मुकाट स्वीकारला. पण आतल्या आत तो बराच सैल केला.

८. पासावरचा फोटो

फोटोचा आणखी एक प्रकार राहिला, आणि तो सर्वांत रुक्ष.

१८३४ पासून हिंदुस्तानातले मजूर गिरमिटावर, म्हणजे करारानं बांधून, मॉरिशसला ऊस तोडायला जाऊ लागले. गुलामगिरी बंद झाल्यावर मळेवाल्यांना हात हवे होते. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या मुलखातली मराठी माणसं पुष्कळ होती. त्यांची पतवंडं आजही तिथे मराठी म्हणून ओळखली जातात. मजूर मळा सोडून पळू नये म्हणून १८६० च्या दशकापासून त्याच्या पासावर फोटो लावू लागले. मागे पडदा, पुढे माणूस. देऊळ नाही, तलाव नाही, हातात अवजार नाही. सौंदर्य वगैरेशी त्याचा काही संबंध नव्हता. रस्त्यात शिपायानं अडवलं की चेहरा ताडून पाहायचा, एवढंच.

पण ताडून पाहायचं तर हा कोण, ते लिहून ठेवणं भाग होतं. म्हणून नोंदवहीत नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव, सगळं आलं. जातीचा रकाना होताच, पण तो बाकीच्यांपैकी एक.

ही दप्तरं आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. खापरपणजोबाचा क्रमांक घेऊन मॉरिशसची कुटुंबं तिथे येतात, दाखला काढतात, काही जण त्यावर भारताच्या ओसीआय कार्डासाठी अर्जही करतात. अडतं ते बहुधा गावाच्या नावाशी. कारकुनानं ते कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, आणि कोकणात त्या आवाजाची गावं दोन-तीन निघतात.